ऋण फेडताना सण

‘ऋण काढून सण करू नये’ ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. तिच्या योग्यतेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ऋण एकदा झालेच, तर ते फिटेपर्यंत घरात आनंदाचा एकही दिवस उगवू नये काय, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या पगारदार कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. खर्चाला निमंत्रण देणारी दुकाने येथे पावलोपावली आहेत आणि कर्ज देणाराही आता दारापर्यंत येतो.

एका कुटुंबाचा हिशेब

उदाहरणादाखल बोरिवलीतील एका चौघांच्या कुटुंबाचा विचार करू. वडील अंधेरीला नोकरीस आहेत. आजीच्या आजारपणात क्रेडिट कार्डावर साठ हजार रुपयांची बाकी झाली. व्याज दरमहा तीन टक्के, म्हणजे पहिल्याच महिन्यात १,८०० रुपये. दरमहा २,४०० रुपये भरले, तर मुद्दल सुरुवातीला केवळ ६०० रुपयांनी कमी होते. इतर आकार वगळले आणि नवी खरेदी केली नाही, तरी कर्ज फिटण्यास ४७ महिने लागतात व व्याजापोटी सुमारे ५२,५०० रुपये जातात. तेच दरमहा ५,००० रुपये भरले, तर सुमारे पंधरा महिन्यांत सुटका होते आणि व्याज साडेपंधरा हजारांच्या आसपास राहते.

याहून चांगला मार्ग पगारदार सहकारी पतसंस्थेच्या सभासदास खुला असतो. समजा, संस्थेने घटत्या शिल्लकेवर दरमहा एक टक्का दराने तेवढेच कर्ज दिले व त्यातून कार्डाची बाकी एकरकमी भरली, तर ५,००० रुपयांच्या तेरा हप्त्यांत कर्ज फिटते. व्याज सव्वाचार हजारांच्या घरात राहते. मात्र त्यानंतर कार्ड कपाटात बंद राहिले पाहिजे, अन्यथा एका कर्जाची दोन कर्जे होतात.

अतिरेकी उपासाचा धोका

हप्ता २,४०० वरून ५,००० वर नेण्यासाठी २,६०० रुपये वाचवावे लागतात. येथे बहुतेक घरे एक चूक करतात. हॉटेल, चित्रपट, सहल, पाहुणचार सारेच एका दिवसात बंद होते. पहिला महिना निर्धारात जातो, दुसरा चिडचिडीत. तिसऱ्या महिन्यात सारे घर कंटाळून एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवस काढते आणि तो खर्च पुन्हा कार्डावरच पडतो. वाचवलेले एका फेरीत जाते, शिवाय आपल्याकडून काही होणार नाही अशी निराशा मागे राहते.

याहून गंभीर परिणाम मुलांवर होतो. शाळेच्या सहलीची चिठ्ठी मुलगा दप्तरातच ठेवतो, घरी दाखवीत नाही. मित्राच्या वाढदिवसाला जाण्याचे तो टाळतो. आईवडिलांनी कर्जाविषयी त्याला काही सांगितलेले नसते, परंतु त्याला सर्व कळलेले असते. कर्ज पंधरा महिन्यांत फिटेल. मुलाच्या मनात बसलेला संकोच तेवढ्याच काळात जाईल असे नाही.

म्हणून घरच्या अंदाजपत्रकात करमणुकीला स्वतंत्र स्थान द्यावे. रक्कम लहान असावी, पण ठरलेली असावी. वरील कुटुंबाने महिन्यास ६०० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवावेत. पाकीट रिकामे झाले की त्या महिन्याचा खर्च संपला; शिल्लक उरली तर ती पुढील महिन्यात जावी. हे पैसे कोठे खर्च करावयाचे, ते मुलांना बरोबर बसवून ठरवावे. कर्ज किती व केव्हा फिटणार, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.

पासाच्या टप्प्यातील सहल

या ६०० रुपयांत काय होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उपनगरांत पुष्कळ होते. नोकरीसाठी काढलेला रेल्वेचा मासिक पास रविवारीही चालतो. तेव्हा तिकीट इतरांचेच लागते. अंधेरीला उतरून महाकालीची लेणी पाहता येतात. जोगेश्वरीचे लेणे सहाव्या शतकातील, तर बोरिवलीजवळचे मंडपेश्वर शैव लेणे. घाटकोपरकरांस २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने थेट वर्सोव्यापर्यंत जाऊन समुद्रकिनारा गाठता येतो.

नाटकाची आवड असणाऱ्यांनी राज्य मराठी नाट्यस्पर्धेवर लक्ष ठेवावे. हौशी कलावंतांचे उत्तम प्रयोग तेथे अल्प दरात पाहावयास मिळतात. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे, सार्वजनिक वाचनालये, गणेशोत्सवातील विनामूल्य कार्यक्रम यांचाही लाभ घ्यावा. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारखी १९२३ पासूनची संस्था उपनगरी जीवनात सांस्कृतिक कार्य किती काळ टिकू शकते, याची साक्ष देते.

कान्हेरीचा धडा

या सर्वांत मोठा ठेवा बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान हा होय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात विहार व तुळशी हे तलाव आहेत आणि डोंगरात कोरलेली शंभरावर कान्हेरी लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. इतर दिवशी थोड्या प्रवेशशुल्कात, घरून पोळीभाजीचा डबा नेऊन, चौघांचा पूर्ण दिवस तेथे आनंदात जातो. लेण्यांसाठी वेगळे शुल्क असले, तरी पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी व चैत्यगृहातील उंच खांब पाहून मुले हरखून जातात.

तेथील शिलालेखांत कर्जदाराने ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. सोपारा, कल्याण येथील दात्यांनी भिक्षूंसाठी दिलेल्या देणग्यांची नोंद त्यांत आढळते आणि काही लेखांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. मुद्दल न मोडता तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रादी गरजा भागवाव्यात, अशी ती कायम ठेव. त्या काळी व्याज माणसाची सेवा करीत होते. आज कार्डाच्या बाकीवर माणूस व्याजाची सेवा करतो. शेवटचा हप्ता फिटल्यावर तीच रक्कम दरमहा बचतीत टाकली, तर हे नाते पुन्हा सुलट होते.

आपले कर्तव्य

या कामी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना बरेच करता येण्यासारखे आहे. शिक्षकांनी शाळेची सहल महागड्या जलक्रीडा केंद्राऐवजी लेणी, वन वा किनाऱ्याकडे न्यावी आणि चिठ्ठी परत न आणणाऱ्या मुलाची चौकशी वर्गात न करता एकांतात करावी. कार्यालयप्रमुखांनी कर्मचारी पतसंस्थेच्या सभेत व्याजाचा वरीलप्रमाणे हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. पंचायत सदस्यांनी गावातील वाचनालय व क्रीडांगण ही गरिबांच्या करमणुकीची साधने समजून जपावीत. तसेच विनापरवाना सावकाराच्या तावडीत सापडलेल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, याची माहिती द्यावी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. परंतु अंथरूण लहान आहे म्हणून कोणी रात्रभर उभे राहत नाही. हप्ता वेळेवर भरावा, नवे कर्ज टाळावे आणि रविवारी डबा घेऊन मुलांसह घराबाहेर पडावे. असे घर कर्ज फेडताना खचत नाही, आणि जे घर खचत नाही तेच कर्ज शेवटपर्यंत फेडते.