किलोवर पापड लाटणाऱ्या बाया : कामगार की ठेकेदार?

प्रश्न : बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ आमचं पापड-मिरगुंडांचं छोटं दुकान आहे. काही बायका आमच्या शेडमध्ये येऊन पापड लाटतात, काही डांगर घरी नेतात. मजुरी सगळ्यांना किलोवर. माल पोचवायला एक टेम्पोवाला आहे. काम उक्तं दिलं की ती माणसं आपली कामगार ठरत नाहीत, असं ऐकतो. हे खरं आहे का?
— एक वाचक, पाली (ता. सुधागड, जि. रायगड)

उत्तर : नाही. मजुरी रोजावर की किलोवर, एवढ्यावरून नातं ठरत नाही. काम कोणाच्या सांगण्याने चालतं, सामान कोणाचं, माल नापसंत कोण करतं आणि नफा-तोट्याचा धनी कोण, हे सगळं न्यायालयं एकत्र पाहतात.

रायगडकरांना मिठागरं परिचयाची, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरात लोक हंगामापुरते येत, घरच्यांना आणि स्वतः आणलेल्या मजुरांना हाताशी घेत. पैसे मणावर मिळत. ते स्वतंत्र ठेकेदार आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं, कारण मीठ कसं पिकवायचं यावर कंपनीची देखरेख होती.

१९६१ मध्ये नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात विडी वळणारेही कामगार ठरले. ते नगावर मजुरी घेत आणि ठरलेल्या वेळात केव्हाही येत. पण काम कारखान्यातच करावं लागे आणि कमअस्सल विडी बाजूला काढली जाई. त्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात मात्र उलट निकाल लागला. तिथल्या विडी कामगारावर कारखान्यात येण्याचं आणि ठरावीक वेळ काम करण्याचं बंधन नव्हतं. धंदा एकच असला तरी कामाची रीत वेगळी होती. पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात नगावर शिवणारे शिंपी नोकरच ठरले, कारण मशीन दुकानाचं होतं आणि बिघडलेलं शिवण परत उसवून शिवायला लावण्याचा हक्क मालकाचा होता.

आता तुमच्या शेडमध्ये या. डांगर तुमचं, पोळपाट-लाटणं तुमचं. पापड केवढा हवा ते तुम्ही सांगता, कड जाड राहिली तर तो बाजूला काढता, दरही तुम्हीच ठरवता. या बायका कामगारच आहेत. डांगर घरी नेणारीचं काय? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची वेगळी व्याख्या आहे, आणि साधनं-कच्चा माल कोणी पुरवला याने तिच्यात फरक पडत नाही. म्हणजे घराचा उंबरठा ओलांडला म्हणून ती ठेकेदार होत नाही.

टेम्पोवाल्याची गोष्ट वेगळी. गाडी त्याची, डिझेल-दुरुस्ती त्याची, भाडं तो सांगतो आणि आणखी चार दुकानांचा माल उचलतो. तो स्वतंत्र धंदेवाईक. तोच जर रोज सकाळी तुमचीच गाडी घेऊन फक्त तुमच्या फेऱ्या मारू लागला, तर उत्तर बदलेल.

तिसरा मार्गही आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जतची सुरुवात केली. तिथेही पीठ घरी नेऊन पापड लाटले जातात. पण त्या बहिणी संस्थेच्या सहमालक आहेत. नफा-तोट्यात त्यांचा वाटा असतो.

स्टॅम्पपेपरवर ‘ठेकेदार’ लिहून अंगठा घेतल्याने यातलं काहीच पालटत नाही. त्यापेक्षा वहीत नाव, तारीख, किलो आणि दर रोज लिहा. दिवसभराच्या लाटण्यातून किमान वेतनाइतके पैसे पडतात का, हे पडताळा. दहा माणसांपासून सर्वसाधारणपणे ईएसआयचा आणि वीसपासून भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतो, म्हणून घरून काम करणाऱ्यांसह नेमकी यादी घेऊन सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. पापडाचा दर्जा तुम्ही ठरवता, तर तो लाटणाऱ्या हातांची जबाबदारीही तुमच्याकडेच येते. कायद्याची चौकशी होण्याआधीच ती मान्य करणं हे तुमच्याही धंद्याच्या हिताचं आहे.