जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारकोड वाचला न गेल्यास

जनावराच्या कानातील पिवळा बिल्ला ही त्याची कायमची ओळख होय. बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक व त्याच क्रमांकाचा बारकोड असतो. लसीकरण, कृत्रिम रेतन, उपचार व मालकी यांच्या नोंदी या क्रमांकावरच ठेवल्या जातात. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. त्यामुळे बारकोड वाचला गेला नाही, तर शेतकऱ्याचा व्यवहार अडून राहतो.

पशुसंवर्धन आयुक्तालय पुणे शहरात औंध येथे आहे. त्याच शहराच्या हद्दीत २०२१ साली मांजरी बुद्रुक, वाघोली आदी २३ गावे आली. वस्तीत दाटीने बांधलेल्या गोठ्यांत उजेड कमी असतो व बारकोड वाचण्याची अडचण तेथे विशेष जाणवते.

बारकोड कसा वाचला जातो ?

मोबाईलमधील प्रणाली अंक पाहत नाही. ती छायाचित्रातील काळ्या रेघा व त्यांमधील पांढऱ्या जागा यांच्या रुंदीचे प्रमाण मोजते. संकेताचा आरंभ व शेवट कळण्यासाठी दोन्ही बाजूंस कोरी जागा लागते. सर्व रेघांना छेदणारी एक आडवी पट्टी स्वच्छ मिळाली, तरी वाचन होऊ शकते. म्हणून रेघांच्या वरच्या टोकास शेण लागले असता काम भागते. परंतु एका बाजूच्या दोन रेघा पूर्ण झाकल्या गेल्यास भागत नाही.

दोष व उपाय

१. मळ – बिल्ला ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. वीट, काथ्या किंवा चाकूने खरवडू नये. छपाई कायमची जाते. कानास जखम असल्यास प्रथम उपचार करावा.

२. हालचाल – जनावर मालकाकडून धरवून घ्यावे. मान हलत असता घेतलेल्या चित्रात शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

३. उजेड – जनावर सावलीत, परंतु भरपूर उजेडात उभे करावे. ऊन किंवा मोबाईलची बत्ती सरळ पडल्यास बिल्ला चकाकतो व रेघा पुसट होतात. बत्ती लावणे भागच असेल, तर मोबाईल किंचित तिरपा धरावा.

४. अंतर – फार जवळून चित्र धूसर येते. मोबाईल थोडा मागे घेऊन चित्र स्थिर होऊ द्यावे. चित्र बोटांनी मोठे केल्याने नवा तपशील मिळत नाही. भिंग मात्र अवश्य पुसावे.

५. वाकलेला बिल्ला – बोटांनी हलकेच सपाट धरावा. बोट रेघांवर वा कडेच्या कोऱ्या जागेवर येऊ नये.

६. पाठविलेले छायाचित्र – संदेशातून आलेले चित्र बहुधा आकाराने लहान केलेले असते व बारीक रेघा नष्ट झालेल्या असतात. मूळ चित्र मागवावे अथवा नव्याने घ्यावे. कडा कापलेले चित्र वापरू नये.

हाताने क्रमांक लिहिताना

वरील उपाय करूनही वाचन न झाल्यास क्रमांक हाताने भरावा. एकाने चार-चार अंकांचे तीन गट मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवावे. नोंद कायम करण्यापूर्वी पडद्यावर येणारी जात, वय व मालकाचे नाव समोरील जनावराशी ताडून पाहावे. पुसट अंक अंदाजाने कधीही भरू नये. एक अंक चुकला तर लसीची नोंद दुसऱ्याच्या गाईवर जाऊ शकते व ज्या गाईस लस दिली ती कागदोपत्री लसीविना राहते. प्रणालीने वाचण्यास नकार देणे हे चुकीच्या वाचनापेक्षा बरे, हे ध्यानात ठेवावे.

बिल्ला तुटला किंवा गळून पडला असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व नवा बिल्ला जुन्या क्रमांकाशी जोडून घ्यावा. एरवी मागील नोंदी तुटतात. यासाठी शेतकऱ्याने बिल्ला लावला त्याच दिवशी क्रमांक वहीत उतरवावा व बिल्ल्याचे स्वच्छ छायाचित्र जपून ठेवावे.