पडद्यावरचे गुरुत्वाकर्षण



व्हिडिओ गेम तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. निदान कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावून पाहिला तरी असेल. पडद्यावरचा नायक उडी मारतो, खड्डा ओलांडतो आणि पलीकडे अलगद उतरतो. तो वर जातो हे ठीक, पण तो खाली का येतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

"गुरुत्वाकर्षणामुळे" असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण जरा थांबा. पडद्यावर दिसतो तो ठिपक्यांचा एक समूह. ठिपक्यांच्या त्या नायकाला वस्तुमान नाही, आणि पायाखाली त्याला ओढणारी पृथ्वीही नाही. तो खाली येतो, कारण कोणीतरी तसा नियम लिहून ठेवला आहे.

'नियम' हा आपल्या भाषेतला शब्द मोठा मजेदार आहे. क्रिकेटमध्ये सहा चेंडूंचे षटक असते हाही नियम, आणि न्यूटनने सांगितला तोही गतिविषयक नियमच. पहिला माणसांनी ठरवला. उद्या त्यांनी आठ चेंडूंचे षटक केले, तरी कोणी अडवणार नाही. दुसरा कोणी ठरवलेला नाही. तो शोधून काढावा लागला. व्हिडिओ गेममध्ये हे दोन्ही प्रकार एकमेकांत असे मिसळलेले असतात, की ते वेगळे करून पाहणे हा भौतिकीचा एक उत्तम धडाच होतो. तोच आज आपण घेऊ या.

प्रयोगशाळेतला चेंडू

या खेळांच्या अगदी आरंभीच भौतिकी आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे भौतिकीतज्ज्ञ काम करीत. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी काहीतरी मनोरंजक असावे, म्हणून त्यांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये टेनिसचा एक खेळ मांडला. त्यासाठी त्यांनी एक अ‍ॅनॅलॉग संगणक आणि ऑसिलोस्कोपचा जेमतेम पाच इंची गोल पडदा वापरला. संगणकासोबत आलेल्या पुस्तिकेत तोफगोळ्याचा मार्ग कसा काढावा, उसळत्या चेंडूची गती कशी दाखवावी, याची माहिती होती. त्याच समीकरणांवर हिगिनबॉथम यांनी खेळ उभा केला. पडद्यावर मध्ये जाळे, आणि त्यावरून इकडून तिकडे जाणारा प्रकाशाचा एक ठिपका. तो अन्वस्त मार्गाने जाई, जमिनीवर आपटला की उसळे आणि जाळ्याला लागला की मागे येई.

पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी मोठा पडदा तर आणलाच, शिवाय चंद्रावरचे किंवा गुरू ग्रहावरचे गुरुत्वाकर्षण निवडण्याची सोयही केली. चंद्रावर g चे मूल्य सुमारे १.६ मीटर प्रतिसेकंद वर्ग, तर गुरूवर सुमारे २५. समीकरण तेच ठेवून त्यातला एकच आकडा बदलला, की त्याच चेंडूचा खेळ चंद्रावर किंवा गुरूवर सुरू होतो.

यानंतर १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. त्यात पडद्याच्या मध्यभागी एक तारा असून तो दोन्ही अवकाशयानांना आपल्याकडे ओढतो. खेळाडूने सावध राहून यान ताऱ्याभोवती वळवावे लागते, नाहीतर ते ताऱ्यात जाऊन पडते. पण यानांतून सुटणाऱ्या अस्त्रांवर मात्र या ताऱ्याचा काहीच परिणाम होत नाही; ती नाकासमोर सरळ जातात. कारण साधे आहे. प्रत्येक अस्त्रावरील ओढ क्षणोक्षणी काढण्याइतकी त्या काळच्या संगणकाची ताकद नव्हती. म्हणून अस्त्रांना गुरुत्वाकर्षणातून सूट देण्यात आली.

ही 'सूट' लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

मारिओची उडी

आता एका प्रसिद्ध उडीकडे वळू. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ काढला. त्यातला मिशीवाला मारिओ आजही मुलांना ठाऊक आहे. त्याच्या उडीमागचे आकडे अभ्यासकांनी त्या खेळाच्या आज्ञावलीतून काढलेले आहेत.

पडद्यावरच्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. या खेळातली एक वीट १६ पिक्सेल उंच आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणू. मारिओ जागच्या जागी उडी मारतो, तेव्हा त्याचा आरंभीचा वेग एका फ्रेमला ४ पिक्सेल असतो. बटण दाबून धरले, तर हा वेग प्रत्येक फ्रेमला १/८ पिक्सेलने कमी होत जातो. म्हणजे ३२ फ्रेमनंतर वेग शून्य होतो आणि मारिओ शिखरावर पोचतो.

आता आठ-आठ फ्रेमचे चार भाग पाडा. प्रत्येक भागातला सरासरी वेग काढा आणि त्याला ८ ने गुणा:

पहिला भाग: वेग ४ वरून ३, अंतर २८ पिक्सेल
दुसरा भाग: वेग ३ वरून २, अंतर २० पिक्सेल
तिसरा भाग: वेग २ वरून १; अंतर १२ पिक्सेल
चौथा भाग: वेग १ वरून ०, अंतर ४ पिक्सेल

एकूण ६४ पिक्सेल, म्हणजे बरोबर चार विटा. पण या अंतरांकडे नीट पहा. चारने भागले तर ७, ५, ३, १. या विषम संख्या कोठे पाहिल्यासारख्या वाटतात का? उतरणीवरून गोळे सोडून गॅलिलिओने हेच प्रमाण शोधले होते. समान कालखंडांत पडणाऱ्या वस्तूने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात असतात. वर जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हाच क्रम उलटा होतो. खेळातला मारिओ वर जाताना गॅलिलिओचे अक्षरशः ऐकतो.

खाली येताना मात्र गंमत होते. उतरताना त्याचा वेग प्रत्येक फ्रेमला १/८ ने न वाढता ७/१६ पिक्सेलने वाढतो, म्हणजे साडेतीन पट. शिवाय हा वेग ४ पिक्सेलच्या आसपास पोचला, की तेथेच थांबतो. त्याहून वाढत नाही. त्यामुळे वर जायला ३२ फ्रेम लागतात, पण खाली यायला सुमारे २१ फ्रेम पुरतात.

आणखी एक चमत्कार. वर जाताना मध्येच बटण सोडले, तर तत्क्षणी हे साडेतीनपट त्वरण लागू होते आणि उडी आखूड पडते. म्हणजे मारिओच्या जगातले गुरुत्वाकर्षण खेळाडूच्या अंगठ्याखाली आहे!

पृथ्वीशी तुलना

हे आकडे आपल्या नेहमीच्या एककांत आणू. मोठा झालेला मारिओ दोन विटा उंच असतो. त्याची उंची १.६ मीटर धरली, तर एक पिक्सेल म्हणजे ५ सेंटिमीटर होतो. सेकंदात ६० फ्रेम, म्हणून त्वरणाला ६० च्या वर्गाने गुणावे लागेल. वर जातानाचे त्वरण: १/८ × ३६०० × ०.०५ = २२.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या g च्या सुमारे २.३ पट. उतरतानाचे: ७८.७५, म्हणजे सुमारे ८ पट!

एवढे जबर गुरुत्वाकर्षण कशाला? उत्तर आपल्याच सूत्रांत आहे. चार विटा म्हणजे ३.२ मीटर. पृथ्वीच्या g ने एवढे उंच जाऊन परत यायला सुमारे १.६ सेकंद लागतील. मारिओ हेच काम ०.९ सेकंदाच्या आत उरकतो. समोरून शत्रू चालून येत असताना दीड सेकंद हवेत लोंबकळत राहणे कोणत्या खेळाडूला आवडेल? म्हणून उडी उंच हवी, पण लवकर संपायलाही हवी. हे दोन्ही साधायचे, तर g वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

हवेत असताना मारिओला दिशा बदलता येते, हेही तुम्ही पाहिले असेल. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार बाहेरून बल लागल्याशिवाय हे शक्य नाही. लांब उडी मारणारा खेळाडू एकदा फळीवरून उडाला, की त्याने कितीही हातपाय झाडले तरी त्याच्या गुरुत्वमध्याचा मार्ग बदलत नाही.

कोणी न लिहिलेला नियम

आतापर्यंतचे सर्व नियम कोणीतरी मुद्दाम लिहिलेले होते. आता एक वेगळाच नमुना पाहू. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, असे एकूण ५५ शत्रू पाऊल-पाऊल सरकत येतात. आपण एकेकाला टिपू लागलो, की उरलेले अधिकाधिक वेगाने सरकू लागतात. शेवटचा उरलेला तर सुसाट पळतो.

हे कसे होते? तो संगणक एका फ्रेममध्ये एकाच शत्रूला हलवतो. ५५ शत्रू असतील, तर प्रत्येकाची पाळी ५५ फ्रेमनंतर, म्हणजे सुमारे ०.९ सेकंदाने येते. दहाच उरले, तर १/६ सेकंदाने. एकच उरला, तर दर फ्रेमला त्याचीच पाळी! थोडक्यात, शत्रूंचा वेग त्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. 'शत्रू कमी झाले की वेग वाढव' अशी आज्ञा कोणी लिहिली नव्हती. संगणकाच्या मर्यादेतून ती गोष्ट आपोआप उपजली. खेळाची रंगत तिने वाढते असे दिसल्यावर निशिकादो यांनी ती तशीच ठेवली.

समजा, त्या पडद्यात एखादा शास्त्रज्ञ राहत असता, तर मोजमापे करून त्याने 'वेग × संख्या = स्थिरांक' असा नियम खात्रीने मांडला असता, आणि तो बरोबरही ठरला असता. निरीक्षण करा, मोजा, नाते शोधा, पुन्हा पडताळून पहा, ही विज्ञानाची रीत पडद्यातही तशीच चालते.

खरा नियम कसा ओळखावा?

मग पडद्यातला नियम आणि निसर्गाचा नियम यांत फरक कोणता? आठवा ती 'स्पेसवॉर'मधील सूट. तेथे यानाला एक न्याय, अस्त्राला दुसरा. मारिओला वर जाताना एक g, खाली येताना दुसरा. माणसाने लिहिलेल्या नियमाला सोयीनुसार अपवाद करता येतो. निसर्गात असे होत नाही. झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे न्यूटनने दाखवले, हेच त्याचे थोर कार्य. गुरुत्वाकर्षणातून सूट कोणालाही मिळत नाही, आणि बटण सोडून ते बदलताही येत नाही.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. मोटारींच्या शर्यतीच्या अनेक खेळांत गाडी भिंतीवर आदळते आणि पुढच्याच क्षणी पुन्हा धावू लागते. बोटांना त्याची सवय होते. खऱ्या रस्त्यावर मात्र ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टायर आणि कोरडा रस्ता यांतील घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ५ मीटरांत थांबते, ताशी ६० ची सुमारे २० मीटरांत. त्यात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. एकूण अंतरे होतात सुमारे १३ मीटर आणि ३७ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. लवकरच तुमच्यापैकी काहींच्या हाती दुचाकी येईल. तेव्हा हे दोन आकडे आठवावेत.

करून पहा

१. दर सेकंदाला ३० फ्रेम टिपणाऱ्या मोबाईल फोनसमोर भिंतीलगत एक मोजपट्टी उभी लावा. एक चेंडू हातातून नुसता सोडा आणि त्याचे चित्रण करा. मग चित्रण थांबवत थांबवत तीन-तीन फ्रेमनंतरची, म्हणजे ०.१ सेकंदाच्या अंतराने, चेंडूची जागा वहीत नोंदवा. लागोपाठची अंतरे सुमारे ५, १५, २५ आणि ३४ सेंटिमीटर यायला हवीत. त्यांचे प्रमाण काढा.

२. आता उडी असलेल्या कोणत्याही खेळाचे असेच चित्रण करा. पडद्यावर पारदर्शक कागद ठेवून नायकाच्या जागा ठिपक्यांनी दाखवा. वर जातानाची आणि खाली येतानाची अंतरे वेगवेगळी मांडा. विषम संख्यांचे प्रमाण मिळते का? दोन्हीकडचे त्वरण सारखे आहे का?

३. मारिओ वेगाने धावत येऊन उडी मारतो, तेव्हा त्याचा वर जाण्याचा आरंभीचा वेग फ्रेमला ५ पिक्सेल असतो आणि तो दर फ्रेमला ५/३२ पिक्सेलने कमी होतो. तो किती विटा उंच जाईल? (उत्तर: ५ विटा.)

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात 'मुक्तपतन' शिकवताना पहिले दोन प्रयोग शेजारी शेजारी करून घ्यावेत. चेंडूचे आकडे प्रत्येक गटाला सारखे मिळतील. खेळांचे आकडे मात्र प्रत्येक गटाला वेगळे मिळतील. असे का, हे मुलांनाच सांगू द्यावे. नेमके उत्तर ज्याला सापडेल, त्याला 'नियम' या शब्दाचे दोन्ही अर्थ समजले असे खुशाल मानावे.