मेंढा पारखावा कसा?

पैदाशीसाठी मेंढा निवडताना धनगर त्याची रुंद छाती, भक्कम पाय आणि वजन पाहतो. पण या मेंढ्याच्या मुली जुळी कोकरे देतील काय, हे कसे ओळखणार? मेंढा स्वतः तर वीत नाही! मुलींचे पहिले वेत होईपर्यंत वाट पाहावी, तर वर्षे निघून जातात.

हा प्रश्न महत्त्वाचा का? आपल्याकडील दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीपलीकडे तिला फारसे मोल नाही. मांसासाठी विकलेली कोकरे हीच धनगराची खरी मिळकत. याउलट बंगालच्या सुंदरबनातील गारोल मेंढी अंगाने लहानखुरी, पण तिला जुळी नेहमीची. हा गुण मुख्यतः ‘फेक-बी’ या एका जनुकामुळे येतो. त्याचे रहस्य 2001 मध्ये उलगडले. डीएनएच्या साखळीत ठरावीक जागी ‘ए’ या घटकाऐवजी ‘जी’ असतो. एवढ्याशा फरकाने अंडाशयात एका वेळी अधिक बीजे पक्व होतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जनुक दख्खनी मेंढ्यांत आणले. जनुक हवे, पण लहान अंग नको. म्हणून संकरित मेंढ्यांचा पुन्हापुन्हा दख्खनीशी संकर करावयाचा. गारोलचा वाटा 1/2, 1/4, 1/8 असा घटत जातो. मात्र दर पिढीत निम्म्या कोकरांत ते जनुकही उतरत नाही. कोणती निम्मी ठेवावीत? येथे डीएनए चाचणी कामी येते.

कोकराच्या थेंबभर रक्तातून डीएनए काढून 190 जोड्यांचा नेमका तुकडा अनेक पटींनी वाढवतात. मग त्यात एक विशिष्ट विकर घालतात. ‘जी’ असेल तरच ते तुकडा कापते आणि 160 जोड्या उरतात. डीएनएवर ऋण विद्युत्भार असतो, हे तुम्हांस ठाऊक असेल. जेलमधून वीजप्रवाह सोडला की तुकडे धनाग्राकडे सरकतात. आखूड तुकडा पुढे जातो. फक्त 190 चा पट्टा म्हणजे जनुक नाही, फक्त 160 चा म्हणजे दोन प्रती, दोन्ही पट्टे म्हणजे एक प्रत. मेंढा असो वा मेंढी, उत्तर कोवळ्या वयातच मिळते.

एक प्रत असलेल्या शंभर दख्खनी मेंढ्यांना साधारण पन्नास कोकरे अधिक होतात. अर्थात जुळ्यांना दूध पुरले पाहिजे; आईला चारा कमी पडला तर लाभाचा तोटा होईल. शिवाय वजन आणि लोकरीची जाडी हे गुण अनेक जनुकांवर अवलंबून असतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या डीएनएवरील हजारो खुणा एकदम तपासतात.

करून पाहा : मेंढा व मेंढी दोघांतही एकेक प्रत आहे. दोन नाणी एकदम 40 वेळा उडवा. छाप म्हणजे जनुक. दोन, एक आणि शून्य प्रतींची किती ‘कोकरे’ झाली? अपेक्षित प्रमाण 1:2:1 का, याचा विचार करा.