हल्लीं काय वाचतां?

खडवलीच्या स्थानकावर दोघे ओळखीचे भेटले, म्हणजे भाताची व पावसाची विचारपूस होते, "हल्लीं काय वाचतां?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. बंधुभगिनींनो, हें विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.

पुस्तक सुचविणें म्हणजे नुसतें "फार चांगलें आहे" म्हणणें नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनें तीं लिहिलीं, आणि स्वतःची फजितीही लपविली नाहीं, एवढें शेजारणीस सांगावें. अडखळत वाचणारी असली तरी ती तें हातीं घेईल. शेतीच्या कर्जानें गांजलेल्यास जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा "शेतकऱ्याचा असूड" द्यावा. मात्र भाषा तिखट आहे, हें अगोदर सांगावें. माणूस ओळखून पुस्तक देणें, हेंच यांत कठीण. न आवडलेल्याची भिडेखातर स्तुति केली, तर पुढच्या खेपेस आपल्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. दोन्ही गांवें आगगाडीच्या वाटेवरच आहेत. चार घरांनीं एकेक पुस्तक आणून, परतीची मुदत सांभाळून, आपसांत फिरविलें, तर प्रत्येकास चार वाचावयास मिळतात. स्वतःचें पुस्तक देतांना मात्र नांव व तारीख वहींत टिपावी. आमचें एक पुस्तक तीन वर्षें बाहेर राहिलें. परत आलें तेव्हां समासांत कोणी पेन्सिलीनें खुणा केल्या होत्या. प्रथम राग आला, मग त्या खुणांसाठींच तें पुनः वाचलें.