बासच्या ब्रिज-खुंट्यांनी शिकवलेलं

मुंबईत बास गिटारचे सेटअप आणि दुरुस्ती हे माझं काम. ब्रिज कोणता बसवू, खुंट्या कोणत्या घेऊ, हे विचारायला बरीच मुलं येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. जुन्या भागाला नाव ठेवण्याआधी तो कोणासाठी बनला ते बघा.
१९५१ साली लिओ फेंडर यांची प्रिसिजन बास आली, तेव्हा तिच्या ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच सॅडल, म्हणजे तार टेकते ते तुकडे, होती. एका तारेचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा राहणं) नेमकं लावलं की जोडीची तार किंचित बिघडायची, मग मधला बिंदू शोधायचा. आज हे अपुरं वाटतं. पण तोवर वादकाच्या हातात माणसाहून उंच, बिनफ्रेटचा डबल बास होता. त्याच्या दृष्टीने फ्रेटमागे बोट ठेवलं की सूर हाती येतो, हीच केवढी तरी सोय होती. १९५७मध्ये प्रत्येक तारेला स्वतःचं सॅडल मिळालं. वाकवलेल्या पत्र्याचा तो साधा ब्रिज आजही नव्या बासवर बसतो आणि चांगलं काम देतो.

२. ब्रिजवरचं झाकण ही नुसती शोभा नव्हती.
जुन्या फेंडर बासवरच्या त्या क्रोमच्या झाकणाच्या आत तारांना टेकणारा फोमचा तुकडा असे. तो नाद लवकर थांबवतो, म्हणून स्वर ठोक्यासारखा उमटतो आणि विरतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२ची प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा आणि तो फोम एवढ्यावर वाजवत, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. सुरुवातीच्या जाझ बासवर तर प्रत्येक तारेला स्प्रिंगवरचा वेगळा म्यूट होता. लिओ फेंडर यांनी १९७६च्या म्युझिक मॅन स्टिंगरेच्या ब्रिजमध्येही म्यूट ठेवले. पण वादकांना आता दुसरंच काही हवं होतं. १९६६च्या सुमारास द हू या बँडचे बासवादक जॉन एंटविसल यांच्यासोबत रोटोसाउंडने राउंडवाउंड तारा घडवल्या होत्या आणि त्यांचा झणझणीत, लांबणारा आवाज सगळ्यांना आवडू लागला होता. झाकणं निघाली, फोम फेकले गेले. मला स्वतःला तो दबका, गोल आवाज फार प्रिय आहे. तो हवा असेल तर नवा ब्रिज घेऊ नका; फ्लॅटवाउंड तारा लावा आणि ब्रिजजवळ त्यांच्याखाली फोमची पट्टी सरकवा.

३. जड ब्रिज आणि नेमका ब्रिज यांत फरक करा.
सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिकने पितळेचे भाग वापरले आणि पुष्कळांनी पितळी नट-ब्रिजचा ध्यास घेतला. नाद जास्त टिकतो, असं म्हणत. लिओ क्वानचा ‘बॅडअॅस’ ब्रिजही त्याच काळातला; पुढे गेडी ली आणि मार्कस मिलर यांच्या नावाच्या फेंडर बासवर तो आला. माझ्या कानाला वजनाने पडणारा फरक थोडा वाटतो. खरा फायदा दुसरा आहे: जाड सॅडल आडवं सरकत नाही आणि जोरात वाजवल्यावर उंचीचे स्क्रू खाली बसत नाहीत. एवढ्यासाठी तो जरूर घ्या.

४. खुंट्यांचं वजन खांद्याला कळतं.
जुन्या, मोठ्या पाकळ्यांच्या खुंट्या देखण्या, पण चार मिळून बासचं डोकं खाली ओढतात आणि डाव्या हाताला मान सावरत बसावं लागतं. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास डोकंच काढून टाकलं, खुंट्या ब्रिजकडे नेल्या आणि बॉडी-मान कार्बन फायबरच्या केल्या. या बासला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात आणि त्या दर दुकानात मिळत नाहीत. मनगट दुखत असेल, तर आधी हलक्या मिश्रधातूच्या खुंट्या लावून बघा. माझ्या मते बासवर केलेला हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च.

५. पान्याचं माप तपासा.
अमेरिकी ब्रिजचे स्क्रू बहुधा इंचात असतात, जपानी मिलिमीटरमध्ये. एक सोळांश इंच म्हणजे जवळजवळ १.५९ मिमी. त्यात १.५ची अॅलन की घातली तर ती बसल्यासारखी वाटते आणि जोर लावताच स्क्रूचं तोंड गोल करून टाकते.

६. समुद्राच्या हवेत सगळ्यात आधी गंजतात ते सॅडलचे बारीक स्क्रू.
क्रोमचा पत्रा चकचकीत राहतो, म्हणून लक्षात येत नाही. पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या, वाजवून झाल्यावर घाम पुसा. अडकलेला स्क्रू जबरदस्तीने फिरवू नका. तेल सोडून रात्रभर थांबा.

७. नव्या भागासाठी लाकडात नवं भोक पाडायची वेळ आली, तर दुसरा भाग शोधा.
जुन्या भोकांत बसणारे ब्रिज मिळतात. काढलेले मूळ भाग, अगदी वॉशरसुद्धा, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा.

८. हॉफनरच्या व्हायोलिन बासच्या सगळ्या तारा एकदम काढू नका.
तिचा लाकडी ब्रिज स्क्रूने जखडलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. सॅडलऐवजी त्यात फ्रेटच्या तारेचे तुकडे बसवलेले असतात. तारा सोडल्या की तो निघून येतो आणि इंटोनेशन पहिल्यापासून लावावं लागतं. एकेक तार बदला, आणि त्याआधी ब्रिजच्या पायांशी कागदी चिकटपट्टी लावून जागा आखून घ्या.