संगणकाची मांडणी : एकदा लिहावी, सर्वांना उपयोगी पडावी

संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याच्याही आधी. पुस्तकात पायथॉनची एक आवृत्ती सांगितलेली असते, संगणकावर दुसरीच असते. गिट बसवलेले नसते. एडिटर उघडतो, पण त्याला पायथॉन सापडत नाही. ज्याच्या नात्यात या क्षेत्रातील कोणी आहे, तो दूरध्वनी करून विचारतो. ज्याच्या घरात संगणक शिकणारा तो पहिलाच, त्याचे मात्र दोन-तीन दिवस यातच जातात आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष तो काढून बसतो. वास्तविक येथे उणीव बुद्धीची नसते. माहिती कोणी लिहून ठेवलेली नसते, एवढेच. या उणिवेवर संगणकक्षेत्राने शोधलेला उपाय म्हणजे स्क्रिप्ट. तिचा परिचय आपण येथे करून घेऊ.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

संगणकाला एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा ज्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये क्रमाने लिहिलेल्या असतात, ती स्क्रिप्ट. या आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश आले. लिनक्सवर आज बॅश सर्वत्र आढळते, तर विंडोजवर पॉवरशेल वापरतात. साधने उतरवून घेऊन बसवण्याचे काम उबुंटूवर एप्ट, मॅकवर होमब्र्यू आणि विंडोजवर विनगेट करते. स्क्रिप्टने फक्त यादी द्यावयाची. हातांनी अर्धा दिवस घेणारे काम मग एका आज्ञेत सुरू होते.

चांगल्या स्क्रिप्टची लक्षणे

पहिले लक्षण असे की, ती कितीही वेळा चालवली तरी परिणाम एकच राहावा. ‘मेकडिर’ ही फोल्डर तयार करणारी आज्ञा आहे. फोल्डर आधीच असेल तर ती त्रुटी दाखवते. तिला ‘पी’ हा पर्याय जोडला की असलेले फोल्डर ती तसेच राहू देते. याच न्यायाने, सेटिंगच्या फाइलमध्ये एखादी ओळ घालण्यापूर्वी ती तेथे आहे की नाही हे स्क्रिप्टने तपासावे. नाहीतर दर खेपेस तीच ओळ पुन्हा जोडली जाते.

दुसरे लक्षण, चूक होताच थांबणे. बॅशमध्ये एक आज्ञा फसली तरी पुढची चालू होते आणि मूळ दोष दूर कोठेतरी प्रकट होतो. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट’ या आज्ञेला ‘ई’ हा पर्याय दिल्यास बहुतेक वेळा ती जागीच थांबते.

तिसरे लक्षण, साधनांच्या आवृत्त्या नेमक्या लिहिणे. ‘नवीनतम’ असे लिहिले, तर आज चालणारी स्क्रिप्ट सहा महिन्यांनी वेगळेच काही बसवू शकते.

क्लाउड सेवांची मांडणी

दुसऱ्याच्या केंद्रातील संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे म्हणजे क्लाउड. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणक अशा दोन्ही सेवा सुरू केल्या. २०१६ पासून तिचे एक केंद्रक्षेत्र मुंबईतही आहे. येथे संकेतस्थळावर बटणे दाबूनही मांडणी करता येते, परंतु काय काय दाबले याची व्यवस्थित नोंद हाती राहत नाही. २०१४ साली आलेल्या टेराफॉर्मसारख्या साधनात आपल्याला काय हवे ते फाइलमध्ये लिहावयाचे असते. ‘प्लॅन’ ही आज्ञा काय बदलणार ते आधी दाखवते, ‘अप्लाय’ ते घडवते आणि ‘डिस्ट्रॉय’ सर्व काढून टाकते. ही शेवटची आज्ञा विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी. सराव संपल्यावरही चालू राहिलेल्या संगणकाचे भाडे वाढतच असते. म्हणून खाते उघडताच खर्चाची सूचना देणारी मर्यादा लावून घ्यावी. ती सूचना मिळाली तरी संगणक आपोआप बंद होतोच असे नाही, हेही पालकांनी जाणून असावे.

दोन सावधगिऱ्या

क्लाउड खात्याची गुप्त किल्ली स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. ती वेगळ्या फाइलीत ठेवावी आणि ती फाइल गिटमधून वगळावी. गिट जुना इतिहास जपून ठेवते. त्यामुळे एकदा आत गेलेली किल्ली नंतर खोडली तरी मागील नोंदीत सापडते. अशी किल्ली रद्द करून नवी घेणे हाच मार्ग.

तसेच, इंटरनेटवरून मिळालेली स्क्रिप्ट वाचल्याशिवाय चालवू नये. ज्या अधिकारांनी आपण ती चालवतो, ते सर्व अधिकार तिला मिळतात. सांगणारा कितीही मोठा असो, प्रत्येक ओळ काय करते हे स्वतः समजून घ्यावे.

आरंभ कसा करावा?

पुढच्या वेळी कोणतेही साधन बसवताना दिलेली प्रत्येक आज्ञा एका फाइलीत उतरवून ठेवावी. हीच पहिली स्क्रिप्ट. बॅश व पॉवरशेल या दोन्हींत हॅशचे चिन्ह देऊन पुढे लिहिलेली टीप संगणक सोडून देतो. ती मराठीतही लिहिता येते. मग दुसऱ्या कोऱ्या संगणकावर ती चालवून पाहावी. जेथे अडेल तेथे काय लिहावयाचे राहिले ते कळते.

या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, अशी एक तरी स्क्रिप्ट मराठी टिपांसह त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यांच्या हाती द्यावी. ज्या मुलाला रात्री कोणाला विचारावे हे ठाऊक नसते, त्याला ती फाइल उत्तर देईल. आणि ती वाचता वाचता पुढची स्क्रिप्ट तो स्वतः लिहू लागेल.